आमच्या भिंतीवरचा बाप्या

पावसाआधी पडवीत लाकडं रचून ठेवावीत तसे आमच्या घरात किस्से रचलेले आहेत. एक ओढायला जावं तर चार अंगावर येतात! त्याला कारण आमची भिंत. साखरशेतला जीप थांबते तिथेच आमचं घर. तीन भिंती कुडाच्या, पण रस्त्याकडची विटांची, गिलावा केलेली. तेव्हा पाड्यात एकही टीव्ही नव्हता. जाहिरात म्हणजे काय, तर आमची भिंत!

आरोग्य खात्याने ती रंगवून घेतली होती. एक बाप्या मांडी घालून बसलाय, मांडीवर पोर, हातात वाटी, पोराला घास भरवतोय. वर मोठ्या अक्षरांत, 'लेकराला भरवतो तोच खरा मर्द!'

भिंतीच्या आत माझी चूल. बाहेर जीपची वाट बघणारी माणसं जे बोलायची ते सगळं मला खिडकीतून ऐकू यायचं. शिवाय मी सातवी शिकलेली. कुणाला वाचता आलं नाही की हाक यायची, "सुगीच्या आये, काय लिवलंय गो?" मग मी पदर सावरून बाहेर यायची आणि मोठ्याने वाचायची. शाळेत कधी एवढ्या लोकांसमोर वाचलं नव्हतं!

सुगी ही माझी मुलगी. तेव्हा नुकती चालायला लागली होती, पण हाडाची काडी. अंगणवाडीच्या ताई तिचं वजन करायच्या तेव्हा काट्याकडे बघायची माझी हिंमत व्हायची नाही. ताई म्हणायच्या, "थोडं थोडं भरव, पण सारखं भरव." आता सारखं भरवायला मी सारखी घरी पाहिजे ना! शेतावर कोण जाणार? आणि सुगी माझ्याशिवाय कुणाच्या हातून घास घ्यायची नाही. रात्री तिच्या बरगड्यांवरून हात फिरवत मी जागी असायची.

*

चित्र रंगवायला जव्हारहून सलीमचाचा आले होते. दुकानांच्या पाट्या रंगवणारे. त्यांना बाप्या पोराला कसा घेतो ते समोर बघायला हवं होतं. त्यांनी सुगीच्या बाबालाच बसवलं आणि सुगी त्याच्या हातात दिली.

त्याने तिला दोन्ही हातांनी अशी लांब धरली की मला हसू आवरेना.

"अरे भाई, कंदील नाही, बेटी आहे!" चाचा ओरडले. मग ब्रश ठेवून त्यांनीच दाखवलं. हात मानेखाली, कोपर असं, मांडी अशी.

चित्र होईपर्यंत तो तसाच बसून राहिला. जीपवाले हॉर्न वाजवून जात होते. याचे कान लाल! संध्याकाळी चाचा म्हणाले, "बस झालं, ठेव तिला."

हा हळूच म्हणाला, "झोपलीय ती."

*

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांची तोंडं सुटली. चाचांनी चित्रातल्या बाप्याला मिशी काढली नव्हती. जीपमधली माणसं म्हणायची, "मिशी नाय म्हणून तर पोर सांभाळत बसलाय!"

हे माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या वर्मी लागलं. घर त्यांच्या नावावर, भिंत त्यांची. "माज्या भिंतीवर बिनमिशीचा बाप्या नको," ते म्हणाले. "नायतर पुसून टाकतो."

मी गमतीने म्हटलं, "मामा, तांदळाच्या पिठाने मी काढू का मिशी?" लग्नात बायका भिंतीवर चौकाचं चित्र लिहितात ना, ते पांढरं पीठ.

मामा कडाडले, "पीठ ते बायकांचं. मिशी ती बाप्यांची. दोनी एका जागी करू नको!"

शेवटी बाजाराच्या दिवशी चाचा आले आणि झुबकेदार मिशी काढून गेले. मला वाटलं, आता तरी बोलणं थांबेल. कसलं काय! बाजूच्या घरातली काशी वहिनी कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "आता मिशी आली. आता हा वाटी ठेवून दारू प्यायला जाईल!"

*

काशी वहिनीचाच दुसरा किस्सा. तिने एकदा नवऱ्याला हाताला धरून भिंतीपुढे उभा केला.

"वाचा."

"मला वाचता येतं का?"

"चित्र तरी दिसतं ना?"

तो बिचारा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "पोर गोरं हाय."

*

आमच्या या बाप्याने दाभोशाचं एक लग्नसुद्धा अडवलं होतं! तिथल्या एका मुलीला बघायला नवरा मुलगा घेऊन पाहुणे आले. रीत म्हणून मुलीलाही विचारलं, तुला कसा नवरा हवा? एरवी मुली मान खाली घालतात. ही म्हणाली, "साखरशेतच्या भिंतीवर हाय तसा."

तिची आई गडबडली. "अगो, ते चित्र हाय!"

मुलगी म्हणाली, "मग ह्यांना रंगवा."

लग्न झालं बरं का. जीपमधून सासरी जाताना ती आमच्या भिंतीपाशी उतरली आणि नवऱ्याला नीट दाखवून मगच पुढे गेली.

*

लावणीला मी वाकलेली असायची शेतात आणि जीव घराकडे. चार रोपं लावली की मान वर. सोबतच्या बायका हसायच्या, "हिची मान बगळ्याची झालीय!"

एका दुपारी सुगीचा बाबा नांगर सोडून घरी गेला. मी मागोमाग बघायला आले, तर हा वळचणीखाली भिंतीला टेकून बसलेला. मांडीवर सुगी, हातात पेजेची वाटी. सुगी काय करत होती? मान वळवून चित्रातल्या पोराकडे बघायची, त्याने तोंड उघडलंय ना, म्हणून आपणही उघडायची. की हा घास घालायचा!

तेवढ्यात जीप थांबली. आतून कुणीतरी ओरडलं, "एक भिंतीवर, एक भिंतीखाली! दोगातला खरा मर्द कोण रं?"

सगळी जीप हसली. मला वाटलं, आता हा वाटी ठेवून उठणार. 

हा उठला नाही. सुगीचं तोंड पुसलं आणि म्हणाला, "त्याची वाटी कवापासून भरलेलीच हाय. आमची बघा, संपली."

काय सांगू, त्या दिवशी मी परत शेतात गेले तेव्हा एकदाही मान वर केली नाही!

*

दिवाळीनंतर सुगीच्या गालावर थोडं मांस दिसायला लागलं होतं, तेव्हा सिमेंटवाले आले. त्यांना आमचीच भिंत हवी होती. चित्रही आणलेलं होतं. उघडाबंब पैलवान, दंड भोपळ्याएवढे, पुढे केलेल्या दोन्ही हातांवर सिमेंटची गोणी आडवी. खाली 'मर्दांची मजबुती'. भिंतीच्या बदल्यात पडवीच्या जोत्याला सिमेंट देणार होते.

मामा खूश झाले. "ह्याला म्हणतात बाप्या!"

सुगीचा बाबा म्हणाला, "बा, पोर त्या चित्राकडं बघून जेवतं."

"पोर भूक लागली का जेवतं," मामा म्हणाले. मामांनी सुगीला कधी भरवलं नव्हतं. घर त्यांचं, आम्ही काय बोलणार?

पैलवान रंगवायलाही सलीमचाचाच आले. पांढऱ्या रंगाचा हात मारताना त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही.

त्या संध्याकाळी सुगी भिंतीपुढे गेली, इकडेतिकडे शोधलं, आणि तोंड मिटलं. बाबाने तोंड उघडून दाखवलं, मी दाखवलं, काशी वहिनीने माकडासारखं नाचून दाखवलं. नाहीच! सकाळीही तेच.

भात झोडायचं होतं, दोघांना खळ्यावर जावंच लागलं. मामांचा गुडघा दुखत होता, ते घरी राहिले. चुलीपाशी मऊ भाताची वाटी झाकून ठेवली आणि निघाले. भारा झोडत होते खरी, पण डोळ्यांपुढे तिच्या बरगड्याच. सूर्य डोक्यावर यायच्या आत मी घराकडे पळाले.

भिंतीपुढे काशी वहिनी आणि जीपची सगळी माणसं उभी होती. पैलवान होता तसाच होता. पण त्याच्या हातांवरच्या गोणीवर तांदळाच्या पिठाचं एक पोर बसलेलं होतं! दोन त्रिकोणांचं अंग, गोल डोकं, काड्यांसारखे हातपाय, आणि तोंड हे एवढं मोठं, उघडं. रेघा वेड्यावाकड्या, पीठ खाली ओघळलेलं. बाजूला एक वाटीही होती.

खाली सुगी बसलेली. हनुवटीला भात, मांडीत रिकामी वाटी.

मामा पडवीत सगळ्यांकडे पाठ करून, काडीने नखं कोरत बसले होते.

"काका," काशी वहिनीने विचारलं, "हे काढलं कुणी?"

मामांनी दोन्ही हात टॉवेलखाली घेतले.

"पीठ ते बायकांचं," ते म्हणाले. "मला काय इचारतंस?"