साक्षीला भाऊजी

उन्हाळ्यात आमच्या कांडप गिरणीत कोणी सलग बोलत नाही. मिरचीचा खकाणा घशात उतरतो, हळदीची भुकटी पापण्यांवर बसते आणि वारंगा फाट्यावर वळणाऱ्या ट्रकांचे भोंगे उरलेले शब्द घेऊन जातात. लग्नानंतरचे सारे आयुष्य मी या आवाजात काढले. म्हणून नवरा गेल्यावर गिरणी बंद राहिली ते दिवस मला शोकाचे कमी आणि बहिरेपणाचे अधिक वाटले. दिवसकार्य उरकले आणि एका सकाळी शटर वर सरकल्याचा आवाज आला. गिरणीवर कामाला असलेल्या बाईने ते उघडले होते.

"बाया मिरच्या घेऊन उभ्या हायेत, ताई," ती म्हणाली. "तुमी बसा. मी घालते."

मी बसले नाही. तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तेव्हापासून आम्ही दोघी तशाच उभ्या आहोत. ती संध्याकाळी आपल्या घरी जाते आणि मी शटरमागच्या खोलीत, एवढाच फरक.

माझ्यामागे गिरणी तिला मिळावी, हे ठरवायला मला वेळ लागला नाही. वेळ पुढच्या गोष्टीला लागला. हिंगोलीच्या वकिलांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि चष्मा पुसत म्हणाले, "ताई, तुम्हाला मूलबाळ नाही, आणि मिळकत पतीकडून आलेली. मृत्युपत्र केलं नाही, तर ती त्यांच्या भावाकडे जाईल. करायचं तर दोन साक्षीदार लागतील. जिला देताय तिची सही साक्षीला नको, उगाच संशयाला जागा. आणि तिला आत्ताच सांगूही नका."

"बरं."

"उद्या या कागदाविरुद्ध कोर्टात जाईल, असं कोण आहे?"

"गेले तर भाऊजी जातील."

"मग त्यांनाच साक्षीला आणा. स्वतःच्या सहीच्या विरोधात माणूस सहसा उभा राहत नाही."

सल्ला पक्का होता. पण त्याची किंमत वकिलांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. भाऊजी, माझे धाकटे दीर, शिरड शहापूरला शेती करतात. आम्हाला मुलगा नाही, म्हणून दर भाद्रपदात पित्तरांच्या पंधरवड्यात ते माझ्याकडे येत, आंघोळ करून भावाच्या नावाने पाणी सोडत, घास ठेवत आणि मग जेवायला बसत. त्यांचा घसा खाकरण्याचा आवाज थेट भावासारखा आहे. चुलीकडे तोंड करून वडे तळताना पाठीमागून तो आवाज आला, की कढईतल्या तेलाच्या चर्रर्र नादात क्षणभर माझे घर पूर्वीसारखे भरून जाई. वर्षातून तो एक क्षण माझा होता.

आमच्याकडे साक्षीला बोलावणे म्हणजे काय, हे लहान पोरालाही कळते. ज्याला साक्षीला घेतले, त्याला वाटा नाही. म्हणून मी फोनवर बोलले नाही, बसने शिरडला गेले. भाऊजी ओसरीवर बसले होते. मी विचारले. त्यांनी हातातली सुपारी पानाच्या डब्यात परत ठेवली.

"म्हंजे मला काई न्हाई," ते म्हणाले.

"नाही."

"मंग कोणाला?"

मी सांगितले. आतून जावेच्या भांड्यांचा आवाज थांबला.

"त्या बाईला? काहून? रक्ताचं माणूस मेलंय का इथं?"

"रक्ताचं माणूस वर्षातून एकदा येतं, भाऊजी. शटर रोज उघडावं लागतं."

त्यांनी डब्याचे झाकण लावले. मग विचारले, "ते सगळं बराबर हाय, वहिनी. पण त्यांच्यात पित्तर घालत न्हाईत. तुमाला पाणी कोण देईल?"

याचे उत्तर मी बसमध्ये शोधले होते, मला सापडले नव्हते. मी तसे सांगितले. आतून जाऊ म्हणाली, "सही करू नका." भाऊजींनी तिच्याकडे न पाहताच टोपी उचलली. "दादाची गिरणी हाय. दादाच्या बायकोनं इचारलं. करतो."

कळमनुरीच्या नोंदणी कार्यालयात दुसरे साक्षीदार म्हणून फाट्यावरचे डॉक्टर आले होते. मी धुतलेले लुगडे नेसले होते, तरी पदर सावरताच त्यातल्या मिरचीच्या खकाण्याने समोरचा कारकून ठसकू लागला, मग डॉक्टर, मग मागची रांग.

"घ्या, साहेब," भाऊजी डोळे पुसत म्हणाले, "आमच्या वहिनीची वळख पटली का? का आणखी कागद पायजे?"

सगळे हसले. मीही. त्या हसण्यातच त्यांनी खाली वाकून, एकेक अक्षर ओढत सही केली. बाहेर चहा पाजला, पैसे मला देऊ दिले नाहीत आणि मोटरसायकलवर बसून निघून गेले.

भाद्रपद आला. नवऱ्याच्या तिथीला मी पहाटे उठून कढी, वडे, खीर केली. पाट मांडला. खिरीतल्या वेलदोड्याचा वास खोलीभर पसरला असताना फोन आला.

"वहिनी, यंदा दादाला इकडंच जेवू घातलं. आमच्या घरी. त्याचं बी घरच हाय ना हे."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही बोलता आले असते. "बरं केलंत," मी म्हटले. म्हणजे त्या दिवशी माझा नवराही माझ्याकडे जेवला नाही.

दुपारी ती गिरणीतून आत आली, हळदीने भुवयांपर्यंत पिवळी.

"भाऊजी न्हाई आले?"

"नाही."

"एवढं रांधलं तुमी! आमच्यात हे करत न्हाईत, पण भूक तर लागते की ताई. मी बसू?"

मी तिला वाढले. तिने कढी दोनदा मागून घेतली, वडा कुरकुरीत झाल्याचे सांगितले आणि बाहेर गिऱ्हाईक आले म्हणून अर्ध्यातच ती हात धुऊन उठली. यंत्र सुरू झाले. मी तिचे ताट उचलले आणि उरलेली खीर झाकून ठेवली.