बाकी चार

शुद्धलेखन चुकेल, अक्षर गिचमिड आहे, माफ करा. चौथीनंतर हातात झाडूच राहिला.

चंद्रपुरातल्या एका कॉम्प्युटर क्लासात मी फरशी पुसते. त्या दिवशी सर मोबाईलमधले निरोप कुलूपबंद कसे होतात, त्याचं गणित शिकवत होते. शंभर वेळा तीन लिहून गुणाकार करा, सातने भागा. बाकी किती?

पोरं वह्यांत गुणाकार मांडू लागली. माझ्या तोंडून निघून गेलं, "चार."

सर वळले. "काऊन वं, बाकी म्हणजे किराण्याची उधारी वाटली का तुले? आधी माझे दोन हजार दे, मंग आम्हाले बाकी शिकव."

वर्ग खदखदला. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी ते पैसे घेतले होते. फक्त सरांना माहीत होतं. आता सगळ्यांना झालं.

मागच्या एका पोरीनं लॅपटॉपवर करून पाहिलं. "सर, चारच येऊन राह्यलं."

सरांनी फळा पुसला. मला म्हणाले, "पोछा झाला की बाहेर जाय."

मी अंदाज मारला नव्हता. रोज पुसता पुसता ऐकत होते. दर गुणाकाराची बाकी काढली तर तीन, दोन, सहा, चार, पाच, एक. मग पुन्हा तीन. सहाचा फेरा. शंभरात असे सोळा फेरे, वर चार पावलं. चौथ्या पावलावर चार.

आई गोंडपिपरीच्या बाजारात मासोळ्यांचे वाटे लावायची. सारखे वाटे गिऱ्हाइकाचे, उरेल ते आमच्या भाजीत. बाकीवरच वाढले मी. तेरा मासोळ्या निघाल्या की आई चिडायची, सारखे वाटेच पडत नाहीत म्हणून. त्या तेराला मूळ संख्या म्हणतात, हे केराच्या टोपलीतल्या कागदांवरून कळलं. अशा दोन खूप मोठ्या संख्या गुणल्या की कुलूप तयार. गुणणं सोपं. गुणाकारावरून त्या दोन शोधणं फार कठीण.

ते कागद मी घरी नेते. हातानं सरळ करते. अन् त्या दिवसापासून फरशी हळू पुसते. मुद्दाम. तास संपेपर्यंत माझा पोछा संपत नाही.

उद्यापासून तेही नाही. काम आटोपून मी मागच्या बाकावर बसणार. हाकललं तरी बसणार. पण त्याआधी एक उरलं होतं.

आज पगारातून उधारीचे शेवटचे पाचशे सरांच्या टेबलावर ठेवले. भरल्या वर्गात हसले होते, म्हणून भरल्या वर्गातच. नोटा मोजून दाखवल्या. मग म्हटलं.

"लिहा, सर. बाकी शून्य."