पोपटनानांची सही

नारायणगावच्या स्टँडबाहेरची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून मी नोकरीसाठी घर सोडलं त्या दिवशी निरोपाला पोटभर वेळ मिळाला. जरा जास्तच मिळाला. आईचं रडून झालं, डोळे पुसून झाले, बापूंनी ड्रायव्हरला चाकणला नक्की कुठं उतरवणार ते पुन्हा पुन्हा विचारून वैताग आणला, तरी मागचं बाकडं रिकामंच. तेवढ्यात पोपटनाना सायकलवर आले. नाना आमचे वारूळवाडीतले शेजारी, हायस्कुलात शिपाई. मधल्या सुट्टीची घंटा देऊन खाकी कपड्यातच निघाले होते. मागं कॅरिअरवर त्यांची ऋतुजा, आठवीतली, दोन वेण्या. नानांनी माझी बॅग टपावर चढवून दोरी आवळली आणि खाली येऊन म्हणाले, "मने, ऋतूची बारावी व्हईस्तवर माजी सही तेवढी मोकळी कर. बाकी काय न्हाई." मी म्हटलं, करते. ऋतू दात काढून हसली. मग दोन पाव्हणे आले, जीप भरली आणि आम्ही सुटलो.

परदेशी गेलेली माणसं अशा आठवणी लिहितात तेव्हा मध्ये समुद्र तरी असतो. माझ्या आणि घराच्या मध्ये नुसता पुणे-नाशिक हायवे. आमच्याकडचा टोमॅटो माझ्या खोलीपुढून पुण्याला जातो, मी मात्र महिनोन् महिने माघारी जात नाही. गावात राहिलेले तुम्ही हसाल. घोडेगावकडची, ओतूरकडची, ओझरची जी पोरंपोरी चाकण-भोसरीला खोल्या करून राहतात, ती नाही हसणार. एकदा घरी जाऊन यायचं म्हणजे आठवड्याचा भाजीपाला गेला, हे त्यांना सांगायला लागत नाही.

सहीचं सांगते. माझी इंजिनिअरिंगची ॲडमिशन ठरली तेव्हा आमच्या सातबाऱ्यावर चुलत्यांची आणि आत्यांची मिळून इतकी नावं होती की बँकेतल्या साहेबानं तो पुरता वाचायचाही कंटाळा केला. मग पतसंस्था. तिथं व्याज जास्त, पण काम झटपट. अट एकच, जामीन पगारदार पाहिजे. आमच्या भावकीत जमीन होती, बागा होत्या, बोलण्यात तर कुणी कुणाला हार जात नव्हतं, पण महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा माणूस जवळच्या ओळखीचा एकच होता आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. त्यांची शाळा एका माणसाला एका वेळी एकाच कर्जासाठी पगारकपातीचं हमीपत्र देते. म्हणजे नानांकडं देण्यासारखी सही एकच, आणि घरात स्वतःची पोर वाढतेय. तरी त्यांनी ती मला दिली. शोभाकाकू, म्हणजे नानांची बायको, कप उचलता उचलता बापूंना एवढंच म्हणाली, "भावजी, ऋतूच्या येळंला मोकळं व्हईल ना?" बापू म्हणाले, "आगं, त्याच्या लई आदी." बापू खोटं बोलत नव्हते. कॉलेजच्या माहितीपत्रकावर कोट घातलेली पोरं होती आणि मोठमोठ्या पगाराचे आकडे होते. शेतकरी माणूस छापलेल्यावर विश्वास ठेवतो.

कॅम्पस इंटरव्ह्यूत मला घेतलेल्या कंपनीनं शेवटपर्यंत बोलावलंच नाही. आज बोलावतील, उद्या बोलावतील करत पाऊसकाळ गेला आणि मी ठेकेदारामार्फत चाकणच्या एका कारखान्यात लागले. नाव इंजिनिअर, काम पार्ट उचलून गेजमध्ये घालायचा, बसला तर हिरवा डबा, नाही बसला तर लाल. माझ्या शेजारच्या टेबलावर दहावी नापास मुलगी तेच करायची आणि माझ्यापेक्षा चांगलं करायची. पगार दोघींना जवळजवळ सारखा. त्यातून पीएफ जायचा, कँटीन जायचं, बसचे जायचे, आणि उरलेल्यातला मोठा तुकडा दहा तारखेला पतसंस्थेत. राहायचं कॉटबेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं. खोलीत आंबेगावच्या डोंगराकडची कुसुम होती, डिंभ्याच्याही पलीकडली. तिच्या घरून नाचणीचं पीठ आणि तांदूळ यायचे. महिना संपत आला की आम्ही दोघी तिच्याच पिठावर. ती चिडवायची, "तुमी बागायतदार लोक, आन् डोंगरातल्यांच्या भाकरीवर जगता व्हय?" मी म्हणायचे, बागायत बापाची, भूक माझी. हसायचो. हसायला पैसे पडत नव्हते.

लोक म्हणतात, नीट काटकसर केली असती तर वेळेत फिटलं असतं. मला या वाक्याचा लई राग येतो. काटकसर म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. ताप अंगावर काढला, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधून वर्ष काढलं, मैत्रिणींच्या लग्नाला न जाता आजारी असल्याचं कळवलं. काटकसरीनं कर्ज फिटत नाही, पगारानं फिटतं. आणि पगाराला तर आमच्याकडं ब्रेक असतो.

ब्रेक म्हणजे सुट्टी नव्हे. ठेक्यावरच्या माणसाचे ठरावीक महिने भरत आले की गेटपास काढून घेतात आणि सांगतात, घरी जा, बोलावू तेव्हा ये. सलग ठेवलं तर कायम करावं लागेल, हे त्याचं कारण. मग महिना जातो, दीड जातो. पगार शून्य, खोलीचं भाडं चालू, हप्ता चालू. पहिल्या ब्रेकला आईनं कानातलं मोडून हप्ता भरला. दुसऱ्याला मी कुठल्या कुठल्या दुकानात काम केलं. तिसऱ्या ब्रेकला बोलावणंच लवकर आलं नाही आणि हप्ते थकले. पतसंस्थेनं मला दोन फोन केले आणि मग पत्र सरळ नानांच्या शाळेत पाठवलं.

नानांच्या पगारातून कपात सुरू झाली. ही गोष्ट नानांनी आम्हाला सांगितली नाही, बायकोलाही सांगितली नाही. काकूला ती कळली दुकानाची उधारी वाढली तेव्हा. मला कळली आईकडून, तीही आडून. आई फोनवर म्हणाली, "शोभानं विरजन नेलं न्हाई हो आज. कालबी न्हाई." आमच्यात इतकी वर्षं विरजण या घरचं त्या घरी आणि त्या घरचं या घरी असंच चालायचं, कुणाचं कुठलं हे कुणाला ठाऊक नव्हतं. हप्ते थकलेत हे मला ठाऊकच होतं, काय झालं ते उमगलं आणि मी लगेच नानांना फोन लावला. रडत काहीबाही बोलले. ते म्हणाले, "आसूं दे गं. तू जेवती का नीट?" त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी गावी येताना जुने कपडे घालायला लागले. चाकणहून येणारी पोरं नवा शर्ट, नवी गाडी, गॉगल अशी येतात, त्यात गैर काही नाही, गावाला दिसलं पाहिजे ना. माझं उलटं. कुसुमनं दिवाळीला दिलेला चांगला ड्रेस मी खोलीवरच ठेवायचे आणि विटकी ओढणी शोधून घ्यायचे. माझ्यासाठी जो पगार कापून घेतोय त्याच्या दारापुढून जायचं तर अंगावर नवं काही दिसता कामा नये. आई म्हणायची, "भिकाऱ्यावानी का गं येती?" तिला कळत होतं, तरी म्हणायची.

ऋतू मात्र धावत यायची. तिला नर्स व्हायचं होतं. आठवीपासून ती पोलिओ डोसाच्या दिवशी आरोग्य केंद्राच्या आशाताईंबरोबर वाडी-वस्तीवर फिरायची, लेकरांच्या बोटांना शाई लावायची. रडणारं पोर तिच्याकडं दिलं की गप्प. मला विचारायची, "मनीताई, चाकणला मोठे दवाखाने असतील ना? मी तिथंच लागंन, मग आपण एकाच खोलीत राहू." मी हो म्हणायचे आणि मनात हप्ते मोजायचे. हप्ते नीट गेले तर तिच्या बारावीच्या निकालापर्यंत अगदी काठाकाठानं जमणार होतं. पुढचा ब्रेक आला, नानांच्या कपातीतून हप्ता पुरा निघेना, आणि तेही गेलं.

बारावीला ऋतूला चांगले मार्क पडले. नर्सिंगला नंबरही लागला, फी भरायची मुदत थोडी होती. बँकेनं त्या कॉलेजचं नाव आपल्या यादीत नाही म्हणून हात वर केले. राहिली तीच पतसंस्था. आणि तिथं नानांच्या नावापुढं माझं कर्ज, वर्षभराचे हप्ते अजून बाकी.

त्या दिवसांत मी काय नाही केलं ते विचारा. ठेकेदाराकडं उचल मागितली, तो म्हणाला, ब्रेकवाल्यांना उचल नसते. पतसंस्थेत जाऊन म्हटलं, माझ्या कर्जाचा जामीन बदला, नानांना सोडा. ते म्हणाले, आणा दुसरा पगारदार. बापू पायाला भिंगरी लावून फिरले. एक मास्तर, एक ग्रामपंचायतीतला क्लार्क, एक लांबचा साडू, सगळ्यांनी चहा पाजला. नानांचं काय झालं हे गावानं पाहिलं होतं, मग सही कोण करील? शेवटी मी म्हटलं, मग ऋतूच्या कर्जाला मी जामीन राहते, मी इंजिनिअर आहे, पगार आहे. काउंटरवरच्या माणसानं माझी पगाराची चिठ्ठी हातात घेतली, ठेकेदाराचं नाव वाचलं आणि सभ्यपणानं परत दिली. "ताई, ही चालत न्हाई. कायम नोकरी पायजे." शिपायाची सही चालते, त्या सहीवर शिकलेल्या इंजिनिअरची चालत नाही. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

बापूंनी म्हैस विकायला काढली. नानांनीच येऊन दावं हातातून काढून घेतलं. म्हणाले, "म्हशीनं वरीसभराचं भागत न्हाई, आन् तुमचं दूध बी जाईल." मुदत संपली त्या दिवशी मी सेकंड शिफ्टला होते. हात आपोआप चालत होते, हिरवा डबा, लाल डबा. सुपरवायझरनं दोनदा हटकलं.

ऋतू नारायणगावच्या बाजूला एका रोपवाटिकेत जायला लागली. ट्रेमध्ये कोकोपीट भरायचं, बी टोचायचं, दिवसभर उभं राहून. पुढच्या वर्षी बघू, असं सगळे म्हणत होते. मी ओव्हरटाइम मागून मागून करत होते, त्या पुढच्या वर्षाच्या आशेवर. पण काकूचा धीर सुटला होता. चांगलं स्थळ आलं, मुलाची बागायत, मागणं काही नाही. उन्हाळ्यात लग्न झालं. मी गेले होते. अक्षता पडताना ऋतूनं माझ्याकडं पाहिलं, हसलीही. दात दिसले नाहीत.

लग्नानंतरच्या दिवाळीच्या आधी माझं कर्ज निल झालं. दाखला हातात घेतला आणि खरं सांगते, मला आनंद झाला. का होऊ नये? इतकी वर्षं मानेवर बसलेलं उतरलं होतं. आमच्याकडं कर्ज फिटलं की देवाला जातात आणि जामिनाच्या घरी पेढे देतात. ती रीतच आहे, जामिनाचे उपकार फिटले असं सांगायची. मी ओझरला जाऊन गणपतीला नारळ फोडला, पेढे घेतले, आणि तशीच नानांच्या घरी गेले. चांगला ड्रेस घालून गेले. आता दडवायचं कारण उरलं नाही, असं मला वाटलं.

नाना ओट्यावर होते. मी पाया पडले, दाखला दाखवला, म्हटलं, नाना, तुमची सही मोकळी झाली. त्यांनी दाखला वाचला, नीट घडी घातली. "बेस झालं," म्हणाले, आणि मग कुणाला तरी विचारावं तसं, "आता ती ठिवू कुठं?" आणि गोठ्याकडं निघून गेले.

काकूनं पेढ्याचा पुडा घेतला, देवापुढं ठेवला. एक पेढा मोडून मला दिला, स्वतः खाल्ला नाही. माझ्या गालावरून हात फिरवला. मग म्हणाली, "मने, तुझ्यावर राग न्हाई माजा. देवाशपथ न्हाई. तू तरी काय करशील? पर तू दिसलीस की माजी ऋतू दिसती मला, शिकलेली, नोकरीवर चाललेली. लई तरास व्हतो गं. म्हनून सांगते, या दारावरनं नको जात जाऊस." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आता मी एका बऱ्या कंपनीत आहे, अजून ठेक्यावरच. पगार सगळा माझा. आई म्हणते, वरचेवर येत जा, आता काय अडचण? येते. नानांचं घर रस्त्याच्या तोंडाला आहे, आमचं त्याच्या मागं, सरळ आलं तर त्यांच्या ओट्यापुढूनच यावं लागतं. म्हणून मी अलीकडंच उतरते आणि ओढ्याकडून, लोकांच्या बांधावरून, चिखल असला तर चपला हातात घेऊन, मागच्या बाजूनं घरी येते. बापूंनी कुंपणाच्या काट्या काढून तिथं वाट करून दिली आहे. कुणासाठी, कशासाठी, ते आमच्या घरात कुणी बोलत नाही. तुमच्यापैकी पुष्कळांना घर म्हटलं की दार आठवत असेल, ओटा आठवत असेल. माझ्या घराला आता मी मागूनच जाते.