बस दिसण्याआधी

आत्या गेल्याचा सुरेशचा फोन आला तेव्हा मी मंचिर्यालला ऑफिसात होतो. डोळे भरून आले, पण आत कुठेतरी मोकळंही वाटलं. त्या मोकळेपणाबद्दलच लिहितो आहे...

आई लवकर गेली. जैनथजवळच्या गावात आत्यानंच मला वाढवलं. ज्वारीतली पाखरं हाकलताना माझ्या गोफणीचा दगड नेहमी मागे पडायचा. आत्या शेतातल्या राखणीच्या माळ्यावरून ओरडायची, "काऊन रे, पाखराच्या शेपटीले मारून राह्यला? थे जिथं जाईल तिथं मार!" पुढे वाचनात आलं की डोळ्यांना दिसलेलं मेंदूला कळायला क्षणभर उशीर होतो. म्हणून हलती वस्तू पुढे कुठे असेल हे मेंदू आधीच ताडतो आणि नजर तिकडे नेतो.

आमच्या जिल्ह्याचे चार तुकडे होऊन सरकारी नोकरांच्या बदल्या झाल्या, तेव्हा मी मंचिर्याल हा लांबचा नवा जिल्हा स्वतः मागून घेतला. आत्याला सांगितलं, सरकारनं पाठवलं. ते खोटं मनात सलत राहिलं. शेवटी कबूल करायला गेलो, तर लकव्यानं तिची वाचा गेलेली. आतेभाऊ सुरेश म्हणाला, "दादा, आईले आता काईच समजत नाई." म्हणजे मला उशीरच झाला होता...

अंगणात तिच्या बाजेशेजारी बसलो. समोरच्या रस्त्यावरून बस आली. आत्याची नजर बसबरोबर सरकत गेली. बस कापसाच्या शेडमागे दडली, तशी नजर शेडच्या पलीकडच्या कोपऱ्यावर जाऊन थांबली. बस बाहेर येईना. आत्याच्या कपाळावर आठी पडली आणि तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं. जणू विचारत होती, कुठं अडकली रे?

न दिसणाऱ्या बसची वाट पाहणारं कोणी आत जागं होतं. मी तिचा हात धरला. "आत्या, बदली मीच मागितली होती."

तिच्या तोंडाची धड बाजू हसली. सुरेश बघतच राहिला. मग म्हणाला, "दादा, थे तं तिले कवाच ठाव होतं. तू अर्ज द्याच्या आधीच जवसाची चटणी कुटून ठेवली होती तिनं. म्हणे, पोरगं आता जाते, तिकडं काय खाईन..."

मला वाटलं होतं, ती चटणी निघायच्या आदल्या दिवशी घाईत केलेली असेल. निघताना तिनं हातात दिलेली ती बरणी अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. घासून घासूनही तिच्या झाकणाचा लसणाचा वास जात नाही.