बिल्बाओच्या चर्चचं दुसरं दार

चर्चमधून बाहेर आले तर पायऱ्यांवर माझ्या चपला नव्हत्या. मी चप्पलचोराला शिव्या देत शोधू लागले. नवराही तिथं नाही, हे नंतर लक्षात आलं.

आज नालवाडीत घरी गुळाचा डबा उघडला आणि वासासरशी ते आठवलं. लेकीनं आम्हा दोघांना स्पेनमध्ये, बिल्बाओत, सकाळपासून पायी फिरवलं होतं. नदीकाठचं चकाकतं म्युझियम, बाहेरचा आठ पायांचा, घराएवढा धातूचा कोळी, मग जुन्या गल्ल्या. चर्चपाशी लेक पाणी आणायला गेली आणि हे पायरीवर बसले.

"साखर उतरली वाटते. हात कापून राह्यले. गूळ दे."

"देवाले हात जोडून येते, मंग देते."

"आपला देव हाये का तो?"

"देव म्हणजे देव."

चपला तिथंच काढून मी आत गेले. गूळ माझ्याच पिशवीत होता. बाहेर पडले ते भलत्याच दारानं. कळल्यावर अनवाणी वळसा घालून धावले. हे घामानं भिजून भिंतीला कलंडले होते. गालात गूळ सरकवला. बऱ्याच वेळानं डोळे उघडले.

"तुह्या चपला राखून राह्यलो न मी," म्हणाले.

गूळ आधी का दिला नाही, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. त्या दिवशी हे थोडक्यात वाचले.