टेकडीसरांची खिडकी

ऑगस्टमधला दुसरा शनिवार, सकाळचे सव्वादहा. ठिकाण, ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरचा एक छोटा हेलिकॉप्टर-तळ. हजर: आमचे भूगोलाचे सर, वय अठ्ठ्याहत्तर. माझा वर्गमित्र शकील. शकीलची बायको रुखसाना भाभी. आणि मी, सुनंदा. चौघेही छत्रपती संभाजीनगरचे, त्यातले भाभी सोडून तिघे छावणीतल्या एकाच शाळेचे. तिथे प्रत्येकाला काट्यावर उभं करतात, कारण वजन बघून बसायच्या जागा ठरतात. सर एकसष्ट किलो, मी बासष्ट. आकडे मी तेव्हाच वहीत लिहून घेतले. वजनं इतकी जवळजवळ होती म्हणून आम्हा दोघांना जागा बदलून घेता आली. मला सरांबद्दल जे सांगायचंय ते तिथूनच फिरलं.

सरांना कुठलीही गोष्ट समोरून बघवत नसे. घर, शाळा, बाजार, विहीर, काहीही काढायला सांगितलं की ते वरून काढायचं. पाचवीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमचा अख्खा वर्ग गोगाबाबा टेकडीवर चढवला, प्रत्येकाच्या काखेत पुठ्ठा आणि कागद देऊन. खाली मकबरा, त्याच्या अलीकडे आमच्या छावणीचे सरळ रेषेतले रस्ते. धापा टाकत बसलेल्या पोरांना ते म्हणाले, "खाली असलं की माणसाला नुसती भिंत दिसती. वर आलं की गल्ली दिसती. काढा." तेव्हापासून ते टेकडीसर. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

ते वैजापूरकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. घरात शिकलेले पहिलेच. वरून बघायचं वेड कुठून आलं, असं एकदा शकीलने विचारलं तेव्हा म्हणाले, "मेंढरं मोजायची तर टेकाडावर चढावं लागतं. कळपात उभं राहून मोजशील तर एकच मेंढी दोनदा मोजशील, अन् हरवलेली आलीच म्हणून घरी जाशील." त्यावर शकील म्हणाला, "सर, मग आम्हाला पण तसंच मोजता का?" "तुला मोजायला टेकाड कशाला? तू आवाजावरनं कळतोस."

माझ्या याद्यांचं मूळही सरच. सहावीत त्यांनी नकाशांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली. छावणीमागच्या आमच्या वस्तीतल्या मुलीकडे शाळेची किल्ली असणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. माझ्या आईने ती किल्ली बाबासाहेबांच्या तसबिरीखाली खिळ्याला टांगली होती. कुठला नकाशा कुणी नेला, कधी परत आला, हे मी वहीत लिहायचं. सर म्हणायचे, "वस्तू हरवत नसती, सुनंदा. नोंद हरवती." आज मी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते आणि बावीस वर्षांत माझ्या हातून एक नोंद चुकलेली नाही. तो स्वभाव नाही, सरांनी दिलेलं काम आहे.

त्या कपाटात छापील नकाशांच्या मागे सरांनी स्वतः रंगवलेला एक तक्ता होता. ऑस्ट्रेलियाजवळच्या समुद्रात मैलोन्मैल पसरलेली प्रवाळाची रांग, आणि तिच्यात एका ठिकाणी, कुणी न कोरता, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं, पाण्यालगतचं एक कडं. कुठल्याशा परदेशी मासिकातल्या फोटोवरून त्यांनी ते काढलं होतं. बाजूला स्वतःच्या मनाने एक इवलीशी नाव काढली होती, आकाराचा अंदाज यावा म्हणून. "प्रमाण नसलं तर नकाशा म्हणजे नुसतं चित्र," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग तक्त्यावर छडी टेकून ते सांगत, की नावेतून गेलं तर हा बदाम दिसत नाही. पाण्याचा रंग जरा बदलतो, तेवढंच. त्यावर उतरायला, पोहायला बंदी आहे. तो फक्त वरूनच दिसतो. "एकदा बघायचा, पोरांनो. मी अन् ज्याला यायचं त्यानं." मी अकरा वर्षांची होते. मी हात वर केला होता.

हात वर केल्याला चाळीसहून जास्त वर्षं होऊन गेली, पण मी ते विसरले नव्हते. सर निवृत्त झाले, त्यांच्या पत्नी गेल्या, मुलगी विद्या पुण्याला. मी दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे जात असे. या शेवटच्या काळात त्यांना एक सवय लागली होती. बोलताना आपल्या तोंडाकडे न बघता ते कानाकडे बघत. शकील म्हणायचा, "क्या सर, मेरे कान में सोना रखा क्या?" "तुझ्या तोंडातनं आजवर काय निघालंय का? म्हणून कानाकडं बघतो." पेपर ते माझ्याकडून वाचून घेत. "मोठ्यानं वाच. उच्चार बिघडलेत तुझे." पन्नाशी ओलांडलेली मी, पाचवीतल्यासारखी ताठ बसून अग्रलेख वाचत असे, आणि घरी जाताना मला फार बरं वाटत असे.

शकीलच्या मुलाला ऑस्ट्रेलियात नोकरी लागली आणि भाभींनी जायचं काढलं, तेव्हा मी वही उघडली. बदाम बघायचे मार्ग तीन. एक, चाकांचं लहान विमान: उंचावरून जातं, प्रवाळाची सगळी रांग दिसते, पंख खिडकीच्या वर असले तर आड येत नाहीत, पण बदाम पटकन मागे पडतो. दोन, पाण्यावर उतरणारं विमान: मजा जास्त, पण चढउतारात गुडघ्यांचे हाल. तीन, हेलिकॉप्टर: सगळ्यात खालून, सगळ्यात सावकाश. पुढे सूचना. ओहोटीची वेळ साधावी, प्रवाळाची कड उठून दिसते. ऊन डोक्यावर आलेलं बरं. गडद कपडे घालावेत, पांढऱ्या कपड्यांचं प्रतिबिंब काचेत पडतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हेलिकॉप्टर. लई जवळनं पायजे."

निघण्याआधी मी प्रत्येकाच्या तब्येतीचा एक कागद केला. रक्तदाब, साखर, गुडघे, कान, नजर. सरांना एकेक विचारत मी लिहीत गेले.

"नजर?"

"लिही, ठीक."

मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली.

वजनं झाल्यावर पायलटने जागा सांगितल्या. शकील पुढे, पायलटच्या डाव्या हाताला. मागे तिघे: मी डाव्या खिडकीशी, सर मध्ये, भाभी उजव्या खिडकीशी. आम्ही हेलिकॉप्टरकडे चालत असताना सरांनी माझी बाही धरली. "सुनंदा, खिडकी मला देशील का? माझं काय परत येणं व्हायचं नाय."

मी पायलटला विचारलं. त्याने आमच्या वजनाचे आकडे बघितले आणि मान हलवली. मी मध्ये बसले.

किनारा सुटल्यावर भाभींनी डोळे मिटले ते तळावर परत टेकेपर्यंत उघडले नाहीत. ओठ हलत होते, दुआ चालली होती. दूरवर ढगांचा पट्टा सरकत येत होता, म्हणून पायलटने कानातल्या यंत्रातून सांगितलं की एकच फेरी मारता येईल, डावीकडून. हेलिकॉप्टर डावीकडे कललं. सरांनी कपाळ काचेला लावलं. मला त्यांचं पांढरं डोकं दिसलं, कानामागचा चष्म्याचा दांडा दिसला, आणि त्यांच्या खांद्यावरून चार बोटं निळं पाणी. पुढून शकील ओरडत होता, "सुनंदा, देख! देख ना!" मी मान लांबवली. सर हलले नाहीत. मग हेलिकॉप्टर सरळ झालं.

मी चिडले नव्हते. जागा मी स्वतःहून दिली होती.

खाली उतरल्यावर भाभींनी सरळ कबूल केलं. "मैं तो कुछ नै देखी. आँख खोलती तो वहीच मर जाती." आम्ही हसलो. शकीलने सरांना विचारलं, "सर, कैसा लगा?" आणि सरांनी तिथेच, तळाच्या कडेला, तास घेतला. कडेला फेसाची पांढरी रेघ, मग हिरवा, मग मोरपंखी, मधोमध गर्द निळा, बदामाचं टोक जरा डावीकडे झुकलेलं. "अन् बाजूला ती नाव. तिच्यामुळं आकार कळाला."

"नाव?" शकील म्हणाला. "नाव किधर थी सर? मेरे कू तो नै दिखी."

"तुझं लक्ष कधी असतं रे?"

शकील हसला, आपलंच लक्ष नव्हतं म्हणाला. मी ऐकत होते. सरांनी इतकं नीट पाहिलं, म्हणजे माझी खिडकी सत्कारणी लागली, असं मला वाटलं.

पुढच्या मार्चमध्ये सर घराच्या फाटकात पडले. मनगट मोडलं. दवाखान्यात जुने कागद मागितले म्हणून मी त्यांच्या कपाटातून फाईल काढली. कागद तारखेप्रमाणे लावायची मला सवय आहे, तशी लावत गेले. त्यात डोळ्यांच्या तपासणीचे कागद निघाले. मला नीट कळेनात म्हणून मी तिथल्याच डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, "पडद्याचा आजार आहे. दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेलेली आहे. कडेचं दिसतं, त्यामुळे घरात वावरतात, चालतात. पण समोरचा चेहरा, अक्षर, असं काही दिसत नाही." कागदावरची तारीख आमच्या प्रवासाच्या चौदा महिने आधीची होती.

मी पुण्याला विद्याला फोन केला. ती म्हणाली, "ताई, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. तुम्हीच तर सगळं लिहून ठेवता."

सर प्लास्टर घालून बाकावर बसले होते. मी शेजारी बसले.

"सर, डोळ्यांचे कागद सापडले."

"सापडणारच. तुझ्या हातात फाईल गेल्यावर काय राहतंय?"

"प्रवासाच्या आधीच कळलं होतं तुम्हाला."

"व्हय."

"आणि माझ्या हाताने 'ठीक' लिहून घेतलंत."

"व्हय."

"खिडकी मागून घेतलीत. दिसत नव्हतं तर कशाला मागितलीत? मला सांगितलं असतं तर मी काय नेलं नसतं तुम्हाला?"

"नेलं असतंस की," सर म्हणाले. "मधल्या सीटवर."

ते खरं होतं. मी 'मदत लागणारे' असा रकाना केला असता, त्यात त्यांचं नाव घातलं असतं, आणि ज्याला दिसतं त्याला खिडकी दिली असती. कुणीही शहाण्या माणसाने तेच केलं असतं.

"काय दिसलं मग तुम्हाला?"

"निळं. लई निळं. मधी डाग, अन् कडंनं निळंच निळं. बदाम त्या डागात गेला असंल."

"आणि ती नाव?"

"शकील किती आशेनं विचारत होता. त्याला रिकामं कसं धाडायचं?"

"मला धाडलंत की रिकामं."

ते माझ्या कानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू परत जाशील. तुझ्याकडं सगळं लिहिलेलं हाय."

मी त्यांना घरी सोडलं, गोळ्यांच्या वेळा भिंतीवर चिकटवल्या आणि निघाले. पुढचे तीन रविवार गेले नाही. चौथ्या रविवारी गेले, पेपर उघडला आणि वाचायला लागले. उच्चारांबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही ताठ बसले नाही. असे काही महिने गेले. बदामाचं नाव दोघांपैकी कुणीच काढलं नाही. थंडीच्या सुरुवातीला सर गेले. मी सगळी व्यवस्था केली, कुणाला काय सांगायचं, कोण कुठे थांबणार, सगळं. रडायचं राहून गेलं, आणि राग आहे तिथेच आहे. ज्यांनी मला नोंद करायला शिकवलं, त्यांनी माझ्याच वहीत खोटी नोंद करवली. मात्र हेही लिहून ठेवते, की त्यांच्यासारखं मला कुणी शिकवलं नाही.

आता शकीलने एक काम काढलंय. त्या दिवशी त्याने पुढच्या सीटवरून मागे वळून बरेच फोटो काढले होते. मी ते कधी पाहिले नव्हते. दुसऱ्याच्या फोटोतून उसनं बघायचं नाही, असं मी त्याला तिथेच बजावलं होतं. त्यातला एक त्याने मोठा करून आणला. शाळेच्या भूगोलाच्या खोलीत लावायला मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. फोटोत सरांचं कपाळ काचेला टेकलेलं आहे, तोंडभर हसू आहे, आणि काचेपलीकडे, खाली, अख्खा बदाम आहे. बाजूला कुठलीच नाव नाही. फोटोच्या कोपऱ्यात माझं कोपर आलंय.

"बदाम बघताना आमचे टेकडीसर, असं खाली टाक," शकील म्हणाला. "नै तो तू लिख. तेरी लाइन अच्छी रहती." त्याला काही माहीत नाही. भाभींनाही नाही.

'बघताना' लिहिलं तर माझ्या हातून दुसरी खोटी नोंद होईल. खरं लिहिलं तर पाचवीतली पोरं रोज त्या फोटोखाली उभं राहून सरांची नजर मोजतील. नुसतं नाव आणि जन्ममृत्यूची सालं टाकावीत, असंही मनात आलं, पण तसा फोटो कुणाचाही असतो. शकीलचा आज सकाळी पुन्हा फोन आला. फ्रेम तयार आहे, खालची पितळी पट्टी कोरी आहे, कोरणारा थांबलाय.

वहीत आजची सात कामं होती. सहांवर काट मारून झाली. सातवं, पट्टीवरची ओळ, तसंच आहे.