टाकीत उतरण्याआधीची सही

मे महिन्याचा दुसरा रविवार, उपासनेनंतर. रक्कम दोन लाख दहा हजार, चेकने, मंडळीच्या छपरासाठी. हजर: पाळक, सचिव, दोन पंच, खजिनदार म्हणून मी, आणि देणगी देणारे सभासद स्वतः. त्यांचा अंबरनाथच्या एमआयडीसीत रसायनांचा छोटा कारखाना आहे. आमचं प्रार्थनास्थळ तिथून जवळच. संध्याकाळची उपासना असली की आम्ही पहिल्या गीताआधी खिडक्या लावून घेतो. तरी वारा तिकडून आला, तर दुसऱ्या कडव्याला लोक खोकायला लागतात.

पावती हातात पडली तरी ते उठले नाहीत. म्हणाले, "एक छोटं काम आहे. तुमच्या शिष्यत्वाच्या वर्गाला आमचा एक माणूस येतो. त्याला जरा समजवा."

तो माणूस त्यांच्याच कारखान्यात सुपरवायझर. बदलापूरला माझ्याच बिल्डिंगमध्ये राहतो. टाकी साफ करायला कामगार आत उतरण्याआधी आतला वायू मीटरने तपासायचा आणि परवान्यावर सही करायची, हे त्याचं काम. मीटर कित्येक महिने बंद होता, सह्या चालू होत्या. उपवासकाळात पाळकांनी वर्ग घेतले. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने उभं राहून सांगायचं होतं, आपल्या कामातली कोणती एक गोष्ट मी बदलणार. मी म्हणालो, ऑफिसच्या मशीनवर घरच्या झेरॉक्स काढणार नाही. एका बाईंनी जावेशी अबोला सोडायचं कबूल केलं. हा उभा राहिला आणि म्हणाला, "न तपासता सही करणार नाही." आम्ही सगळे आमेन म्हणालो.

त्या रविवारी त्याला आत बोलावलं.

"सलाम, साहेब," तो मालकांना म्हणाला.

"आठ वर्षं सही केलीस. आत्ताच देव आठवला का रे?"

"उशिराच आठवला, साहेब. मीटर दुरुस्त करा, लगेच करतो सही."

सचिव म्हणाले, "पाळकसाहेब, पुढच्या वर्षी वर्ग फक्त पेन्शनरांचा घ्या." कुणी हसलं नाही.

मालक उठले. आवाज अजिबात चढला नव्हता. "मंडळीत आपण सगळे भाऊ. बघा, भावाचं नुकसान होऊ देऊ नका." कोणत्या भावाचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

ते गेल्यावर पाळकांनी सुपरवायझरला विचारलं, "मग काय ठरवलंस?"

"मी वर्गातच सांगितलंय. तुम्ही आमेन म्हणालात."

मालकांचा राग चार दिवसांत उतरेल असं आम्ही धरून चाललो. चेक वटला. पावसाच्या आत काम व्हावं म्हणून उल्हासनगरच्या सिंधी दुकानदाराला सत्तर हजार देऊन छपराच्या सांगाड्याचे पाइप कापून घेतले. त्याच आठवड्यात सुपरवायझरला निरोप आला, उद्यापासून येऊ नकोस.

कमिटी पुन्हा बसली. एक पंच म्हणाले, "नोकरीवरून कारखान्याने काढलं. मंडळीने का भिजायचं?" पाळक म्हणाले, "मी त्याला उभं केलं होतं. आता त्या छपराखाली उभा राहून मी काय शिकवू?" तीन विरुद्ध दोन मतांनी पैसे परत करायचं ठरलं.

दुकानदाराने कापलेला माल भंगाराच्या भावाने घेतला. "साईं, चर्चवाले लोखंड परत आणतात हे मी पहिल्यांदाच बघतोय," म्हणाला, आणि अडतीस हजार मोजले. कमी पडलेले बत्तीस हजार मंडळीने दोन रविवारी दिले. पाच कुटुंबं त्या दोन्ही रविवारी आली नाहीत, पुढेही नाहीत.

जूनमध्ये मी चेक घेऊन कारखान्यात गेलो. अकाउंटंटच्या टेबलापासून आवार दिसत होतं. टाकीचं झाकण उघडं, तोंडाशी चपलांचे चार जोड, कठड्याला बांधलेली दोरी. बाजूला नवा सुपरवायझर, मोबाइल बघत. मी बाहेर गेलो.

"मीटर लावला का?"

"सही झालीय, काका."

"मीटर?"

"तुम्ही कोण?"

अकाउंटंट मागून आला. "तुमचं काम चेकचं आहे ना?"

"हो. ही माणसं वर आली की देतो. आधी बाहेर काढा त्यांना."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग नव्या सुपरवायझरने टाकीत वाकून हाक मारली. तिघे वर आले, वाड्यावस्त्यांवरची तरणी पोरं. एक जण गुडघ्यांत डोकं घालून बसला आणि ओकला. चौथ्याच्या नावाने हाका चालू राहिल्या. आतून उत्तर येईना. नव्या सुपरवायझरने मोबाइल खिशात टाकला आणि दोरी हातात घेतली. मी पलीकडून धरली. खूप वेळाने दोरीला ओढ आली.

आम्ही ओढून त्याला वर घेतलं तेव्हा ओठ निळसर होते, पण श्वास चालू होता. बसता झाल्यावर तो आपल्या चपला शोधू लागला.

मग मी आत जाऊन चेक दिला आणि पोच घेतली. दोन लाख दहा हजार रुपये, पूर्ण, मालकांच्या नावे.